उजेडामागचे आवाज

खानदेशातल्या जुन्या लग्नाच्या कॅसेटमध्ये दिसतात काही माणसं आणि ऐकू येतात दुसरीच. नव्वदच्या दशकात अमळनेर-पारोळ्यापासून शिरपूर-दोंडाईचापर्यंत शूटिंगवाला खांद्यावर पॅनासॉनिकचा भलामोठा कॅमेरा घेऊन यायचा. माइक त्या कॅमेऱ्यावरच बसवलेला असे. हॅलोजनचा दिवा धरलेला पोरगा बाजूला, मध्ये शूटिंगवाला आणि त्याच्या पाठीला चिकटून, बगलेतून डोकावणाऱ्या घरातल्या बायका, पोरं, पाण्याचा जग घेऊन थांबलेला कोणी. लेन्स समोर बघायची. माइक मात्र चहूकडचं ऐकायचा आणि जवळचं जास्त ऐकायचा. फेटे बांधलेले मामा, सरपंच, सोसायटीचे चेअरमन चित्रात आले. त्यांचे ओठ हलताना दिसतात, पण शब्द बँडमध्ये बुडालेले. ज्यांना उजेडात यायचं नव्हतं, किंवा कोणी येऊ दिलं नव्हतं, त्यांचं बोलणं तेवढं फितीवर उतरलं.

आमच्या घरात पारोळा तालुक्यातल्या एका लग्नाची अशी तीन तासांची कॅसेट आहे. चुलत बहिणीचं लग्न, मे महिना. माझी आत्या त्यात कुठेही दिसत नाही. ती विधवा होती. हळदीला आपणहून मागे सरकली आणि दिवसभर मागेच राहिली. पण जिथे जिथे शूटिंगवाला थांबला, तिथे त्याच्या पाठीमागे ती आहेच. कोणाच्या आहेरात काय आलं, वरणात मीठ पडलं का, बट्ट्या तळायला घेतल्या की नाही, सगळ्याची अहिराणीत खबरबात चाललेली. मधेच कुठल्याशा पोराला दटावणी: ‘काय करी ऱ्हायना रे तठे?’ आत्याला जाऊन बरीच वर्षं झाली. तिचे फोटो आहेत दोन-तीन, सगळे कसल्या ना कसल्या अर्जाला लावायला काढलेले. तिचा आवाज फक्त या फितीच्या कडेला आहे.

कडेला म्हणजे खरोखरच कडेला. जेव्हीसी कंपनीने १९७६ मध्ये व्हीएचएस आणलं, त्याची फीत अर्धा इंच रुंद. तिच्यावर चित्र तिरक्या रेघांमध्ये लिहिलेलं असतं आणि गरगर फिरणाऱ्या ड्रमवरची हेडं ते वाचतात. साधा आवाज एका काठाला, बारीक सरळ पट्टीत. तो वाचणारं हेड ड्रमच्या पुढे, काही अंतरावर. दुसऱ्या काठाला नियंत्रणाच्या खुणा, ज्यांच्या आधाराने यंत्र चित्राची रेघ पकडतं. म्हणजे एकाच क्षणाचं दिसणं आणि ऐकणं फितीवर मुळातच वेगळ्या जागी राहतं, आणि यंत्र ते दर क्षणी जुळवून दाखवतं. सिनेमाच्या ३५ मिलिमीटर प्रिंटवरही तसंच. आवाजाची पट्टी आपल्या चित्राच्या २१ फ्रेम पुढे छापतात, कारण प्रोजेक्टरमध्ये आवाज वाचायची जागा चित्राच्या खिडकीच्या खाली असते. हे कळल्यापासून चित्र आणि आवाज ‘आपोआप’ जुळतात असं मला कधी वाटलेलं नाही. कोणीतरी जुळवतं म्हणून ते जुळतात.

फितीचा काठ आधी खराब होतो. पत्र्याच्या खोलीत, माळ्यावर, सुटकेसमध्ये साड्यांखाली ठेवलेली कॅसेट. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो आणि पत्र्याखाली त्याहून जास्त. फीत ताणते, आखडते, कड मुडपते. चित्र थोडं थरथरून सावरतं. कडेच्या पट्टीतला आवाज मात्र तेवढ्यापुरता जातोच. नातेवाइकांच्या कॅसेटी माझ्याकडे येतात त्या ‘जरा चित्र साफ करून दे’ या मागणीसह. आवाजाबद्दल कोणी काही सांगत नाही. उलट बरेच जण म्हणतात, ‘मागे एखादं गाणं टाक, तो गोंगाट काढ.’ त्या गोंगाटासाठीच तर मी बसतो.

फीत चालवून तिच्यातलं सगळं संगणकात उतरवणं म्हणजे कॅप्चर. त्यात पहिला प्रश्न कोडेकचा: चित्र आकड्यांत कसं मांडायचं, परत कसं उलगडायचं आणि वाटेत काय टाकून द्यायचं. आपल्याकडचं पाल पद्धतीचं चित्र म्हणजे आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके, सेकंदाला २५ फ्रेम. काहीही न टाकता ठेवलं तर ताशी सुमारे ७५ जीबी. डीव्ही नावाच्या पद्धतीत तेच १३ जीबीत बसतं. डीव्हीडीसाठी त्याहून आवळावं लागतं, आणि फोनवर पाठवायची एमपीफोर फाइल जीबी-दीड जीबीची. आकडे बघितले की कोणालाही शेवटचा पर्याय शहाणपणाचा वाटेल.

पण डीव्हीडी आणि एमपीफोरसाठी आवळणारे कोडेक काम कसं करतात ते बघायला हवं. ते एक फ्रेम पूर्ण लिहितात आणि पुढच्या कित्येक फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढंच. नव्या, स्वच्छ चित्रासाठी हे उत्तम. जुन्या व्हीएचएसवर मात्र सगळ्या पडद्यावर मुंग्या चालत असतात. कोडेकला त्या मुंग्या म्हणजे हालचाल वाटते, आणि हाताशी असलेली जागा तो त्यांच्यावर उधळतो. मग मागच्या रांगेत, अर्ध्या अंधारात बसलेल्या म्हातारीच्या चेहऱ्याला जागा उरत नाही. तिथे चौकोन उमटतात. शिवाय असं चित्र कापायचं तर जिथे पूर्ण फ्रेम आहे तिथेच सरळ कापता येतं, आणि आवाज जुळवताना नेमकी नको त्या जागी कात्री लावावी लागते.

आमच्याकडे रावेर-सावद्याची केळी दिल्लीला जातात ती कच्ची, हिरवीगार. पिकवायचं काम खाणाऱ्याच्या गावाला होतं. कॅप्चरचंही तेच. मूळ प्रत कच्ची ठेवायची: हफवाययूव्ही, लॅगरिथ किंवा एफएफव्हीवन, यांपैकी कशातही, ज्यात एकही ठिपका फेकला जात नाही. मी एफएफव्हीवन वापरतो. मायकेल नीडरमायर यांनी एफएफएमपेगमध्ये ते २००३ साली घातलं, २०२१ मध्ये त्याचं तपशीलवार वर्णन इंटरनेटच्या आरएफसी दस्तऐवजांत प्रसिद्ध झालं, आणि परदेशातली अनेक अभिलेखागारं आज तेच वापरतात. त्यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र ठेवता येते आणि फाइल कुठे बिघडली तर नेमकी जागा सापडते. ७५ जीबीचे २५-३५ होतात, एवढीच बचत. मुंबईच्या भाच्याला पाठवायची एमपीफोर त्या प्रतीवरून हवी तेव्हा करावी. एमपीफोरवरून मूळ प्रत करता येत नाही.

धुळ्याच्या माणसाला खरं तर हे शिकवायला नको. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव हिंडून, वाड्यावाड्यांतून दप्तरं जमवली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ चा. ३१ डिसेंबर १९२६ ला ते धुळ्यातच वारले आणि पुढच्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. पत्रं छापून झाली म्हणून मूळ कागद वाण्याच्या दुकानी पुड्या बांधायला द्यावेत, असं त्या मंडळात कोणी म्हणालं असतं का? आपण मात्र दोन हजार सालानंतर नेमकं तेच केलं. ‘कॅसेटची सीडी करून मिळेल’ अशा पाट्या चौकाचौकांत लागल्या. ती सीडी म्हणजे व्हीसीडी: ३५२ बाय २८८ ठिपके, मुळाच्या जेमतेम पाव. पाल चित्राच्या एका फ्रेममध्ये दोन वेगळ्या क्षणांच्या अर्ध्या अर्ध्या रेघा गुंफलेल्या असतात. व्हीसीडीने त्यांतला एक क्षण टाकून दिला. म्हणजे ताशेवाल्याच्या हाताची निम्मी हालचाल गेली. आणि सीडी झाली म्हणून कॅसेटी भंगारात गेल्या. आज त्या सीड्यांचा मुलामा उडालाय.

धुळ्याहून आग्रा रोडने तासाभरावर मालेगाव. तिथल्या नासिर शेख यांनी व्हिडिओ पार्लर चालवता चालवता व्हीएचएस कॅमेऱ्यावर २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला. संकलन कसलं, तर एका व्हीसीआरवर चालवायचं आणि दुसऱ्यावर उतरवायचं. या पद्धतीत प्रत्येक जोडकाम म्हणजे नक्कल, आणि प्रत्येक नकलेला रंग आधी पसरतो, मग कडा विरतात. फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटाने ती धडपड जगाला दाखवली. ते चित्रपट बघताना मला नेहमी वाटतं, की आपल्या भागात चित्राचा दर्जा हा कधी मुद्दाच नव्हता. लोक हसायचे ते बोलण्याला, खानदेशी हेल ओळखीचा वाटला म्हणून.

आता जुळवाजुळवीचं. कॅप्चर झालेली फाइल लावली की बहुतेकदा आवाज आणि ओठ यांच्यात फारकत दिसते. दुकानदार एक बटण दाबून सगळा आवाज मागेपुढे सरकवतो, सुरुवात जुळली की पैसे घेतो. शेवट कोणी बघतच नाही. फारकत तीन जातींची असते, आणि पहिल्यांदा जात ओळखायची. सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी सारखंच अंतर असेल तर काम सोपं, सरकवलं की झालं. अंतर सावकाश वाढत जात असेल तर दोष घड्याळांचा: चित्र मोजणारं एक, आवाज मोजणारं दुसरं. आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने घ्यायचे ठरलेले असताना साउंड कार्डाने दहा जास्त घेतले, तर तासाला पाऊण सेकंदाचा फरक पडतो आणि तीन तासांच्या कॅसेटीच्या शेवटी सव्वादोन सेकंदांचा. पाठवणीच्या वेळी नवरी मान खाली घालून गप्प आणि हुंदका नंतरच्या माणसाच्या तोंडी, असला प्रकार होतो.

तिसरी जात सगळ्यांत चिवट. फीत जिथे खराब आहे तिथे कॅप्चर कार्डाला चित्राचा ठेका सापडत नाही आणि ते फ्रेम गाळतं. एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. पंचवीस गळाल्या की चित्र एक सेकंद पुढे. ही फारकत हळूहळू वाढत नाही, ती पायऱ्या-पायऱ्यांनी वाढते, आणि सगळा आवाज आखडून तिची भरपाई करायला गेलं तर चांगले भागही बिघडतात. जिथे पायरी आहे तिथेच जाऊन ती भरावी लागते. मधे टाइम बेस करेक्टर नावाचं यंत्र जोडलं तर पायऱ्या पडतच नाहीत किंवा थोड्या पडतात. ते महाग आहे आणि आता मिळणंही मुश्किल.

खुणेची जागा शोधायला सिनेमावाल्यांकडे क्लॅप असतो. लग्नात त्याची उणीव नाही. टिपरी ताशाच्या कातड्याला टेकलेली फ्रेम शोधायची आणि आवाजाच्या आलेखात तिचा सुळका शोधायचा. दारात फुटलेला नारळ. शुभमंगल संपल्याबरोबरची पहिली टाळी. पंगतीत आपटलेली पातेली. तीन तासांच्या लग्नात असे आघात शेकड्यांनी मिळतात.

आणि मग खरा प्रश्न येतो: कोणी कोणाच्या मागे जायचं? संगणकातले प्रोग्रॅम बहुधा आवाजाला ओढून चित्राशी नेतात. मी उलट करतो. आवाज जसा फितीवर आहे तसाच, त्याच गतीने, अखंड ठेवायचा आणि कमी पडलेल्या जागी चित्राची एखादी फ्रेम दोनदा दाखवायची. डोळ्याला एका फ्रेमचा पुनरुक्तीदोष कळत नाही. कानाला मात्र ताणलेला स्वर लगेच कळतो. आत्याचा आवाज एखाद्या श्रुतीने जरी चढला तरी ती आत्या राहत नाही. घड्याळांच्या फरकातही मी आवाजाला मोजून तेवढंच हलवतो जेवढं कॅप्चरने त्याला चुकवलं, त्यापलीकडे नाही.

या बाबतीत माणसाचा कान कसा आहे, यावर आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची १९९८ ची एक शिफारस आहे. आवाज चित्राच्या आधी आला तर सुमारे ४५ मिलिसेकंदांतच माणसाला खटकतं. मागून आला तर सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत लक्षात येत नाही. याचं मला मोठं नवल वाटायचं. मग हिशेब केला. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मांडवात पुढे ताशा वाजतोय आणि चाळीस मीटर मागे, भट्टीपाशी कोणी बसलंय, तर त्याला टिपरी पडलेली आधी दिसते आणि ठोका सुमारे १२० मिलिसेकंदांनी येतो. जन्मभर सगळ्यांनी हेच अनुभवलेलं. आधी ऐकू आलं आणि मग घडलं, असं जगात कुठे होत नाही. म्हणून शंका असेल तिथे आवाज किंचित मागे ठेवावा. मागे बसलेल्यांचा तोच खरा अनुभव आहे.

मोठ्या घरीही असंच होतं हे गेल्या काही वर्षांत दिसलं. श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ १९७६ चा, गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये घालून उभा केलेला. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने तो दुरुस्त केला आणि मे २०२४ मध्ये कान महोत्सवात दाखवला. चित्र घेतलं पुण्याच्या चित्रपट संग्रहालयातल्या मूळ निगेटिव्हवरून, आवाज फाउंडेशनकडे जपलेल्या ३५ मिलिमीटर प्रिंटवरून. म्हणजे स्मिता पाटील यांचा चेहरा एका डब्यातून आला आणि आवाज दुसऱ्या डब्यातून. त्यांचे वडील शिवाजीराव गिरधर पाटील आमच्या शिरपूरचे, म्हणून इकडे त्या बातमीचं थोडं जास्त कौतुक. मला त्यातली दुसऱ्या डब्याची गोष्ट महत्त्वाची वाटली. ती प्रिंट कोणी जुनी, घासलेली म्हणून फेकली असती तर?

आवाजाला जागा तरी किती लागते? दोन बाजूंचा, १६ बिटांचा, अजिबात न आवळलेला आवाज ताशी सुमारे ७०० एमबी. चित्राच्या ७५ जीबीपुढे हे काहीच नाही. तरीही पहिली काटछाट त्याच्यावरच होते. एमपीथ्री आणि तिची भावंडं मोठ्या आवाजाशेजारचा बारीक आवाज टाकून देतात, कारण तो कानाला तसाही ऐकू येणार नाही असं त्यांचं गृहीतक. बँड वाजत असताना आत्या बोलते, ती या गृहीतकात पहिली बळी. ‘नॉइज रिडक्शन’ त्याहून वाईट: त्याला बँडही आवाज वाटतो आणि नवरदेवही, पण भिंतीशी टेकून बसलेल्या बायकांची कुजबुज त्याच्या लेखी कचरा. या कॅमेऱ्यांमध्ये आवाजाची पातळी आपोआप वाढवायची सोय असे. बँड थांबला की पाच-सात सेकंदांत माइकचा कान तीक्ष्ण होतो आणि लांबचं सगळं वर येतं: भांडी, कोंबडा, कोणाचं तरी हळदीचं गाणं अर्ध्यातून. पूर्ण कॅसेटीतल्या माझ्या आवडत्या जागा याच आहेत.

२०११ च्या जनगणनेत खानदेशीचे भाषक, ज्यांत अहिराणी बोलणारेही मोजले जातात, सुमारे १८ लाख ६० हजार होते; त्याच्या दहा वर्षं आधीच्या गणनेत २० लाखांच्या वर. भाषा मोजताना लोक काय सांगतात यावर बरंच अवलंबून असतं, हे मान्य. पण आज अहिराणीची गाणी मोबाइलवर धो धो वाजतात, ती ठेक्याला बसवलेली, स्टुडिओतली. आखाजीला झोक्यावर, कानबाईच्या रोटाला, चुलीपाशी बोलली जाणारी अहिराणी, आणि पूर्वेला यावल-रावेरकडची लेवा बोली, या ज्या कोणी बिनधास्त बोलायच्या त्या बायकांच्या जवळ टेपरेकॉर्डर घेऊन फार थोडे लोक गेले. लग्नाच्या शूटिंगवाल्याने ते काम नकळत केलं. त्यांच्याकडे पाठ करून.

त्यानेच ते पुसलंही, हेही खरं. ‘मिक्सिंग करून’ दिलेल्या कॅसेटींमध्ये मूळ आवाजावर सिनेमाची गाणी चढवलेली असतात. त्यात एक फट आहे, ती इथे सांगून ठेवतो. काही कॅमेरे आणि व्हीसीआर हाय-फाय जातीचे होते. त्यांचा आवाज कडेच्या पट्टीखेरीज चित्राच्या रेघांखालीही लिहिला जाई, आणि तो पुसायचा तर चित्रही पुसावं लागे. अशा मूळ कॅसेटीवर नंतर नुसतं गाणं चढवलं असेल तर ते फक्त कडेच्या पट्टीवर चढतं. हाय-फाय व्हीसीआरवर आवाजाची निवड बदलून पाहा. कधी कधी गाण्याखालून अख्खं घर बोलायला लागतं. दुसऱ्या कॅसेटीवर उतरवलेल्या नकलेत हे होणार नाही, म्हणून शूटिंगवाल्याकडे कच्ची कॅसेट पडून आहे का ते विचारावं.

चित्र धारदार करून देणारे नवे प्रोग्रॅम आलेत. ते पुसट चेहऱ्यावर दात आणि पापण्या काढून देतात, पण ते दात त्या माणसाचे नसतात. करायचं तर नकलेवर करा, मूळ प्रतीला हात लावू नका.

व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची कंपनी, जपानची फुनाई. तिने जुलै २०१६ मध्ये ते बनवणं थांबवलं. आता जेवढी यंत्रं चालू आहेत तेवढीच, आणि दर वर्षी त्यांतली काही बंद पडतात. तेव्हा माळ्यावरची कॅसेट यंदाच्या उन्हाळ्याआधी खाली उतरवा. दुकानात द्याल तर एमपीफोरबरोबर न आवळलेली मूळ फाइल मागा, आवाज वेगळ्या डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये मागा, तिच्या दोन प्रती दोन गावांत ठेवा. आणि दुकानदाराला बजावून सांगा, मागे गाणं लावू नको.